निळ्या काचेची न संपलेली पाळी

नीट बसा, मित्रांनो, आणि आधी हात पुसून घ्या. मी पोलाद कारखान्यातली निळी काच आहे. म्हातारी झाले, तरी अंगावर बोटांचे ठसे मला अजून खपत नाहीत. तळहाताएवढी मी, लाकडी चौकटीत बसवलेली, खाली धरायला दांडा. वितळलेल्या पोलादाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळे दिपतात. माझ्याआडून पाहिले की तो भडका निवतो आणि रसाचे उकळणे स्वच्छ दिसते. भट्टीचा मिस्त्री माझ्यातून पाही आणि त्याने मान हलवल्यावाचून थेंबभर रस ओतला जात नसे.

भट्टी पेटती असेतो मला खाली ठेवायचे नाही, असा आमचा रिवाज होता. पाळी संपली की जाणारा मिस्त्री येणाऱ्याच्या हातात मला देई आणि म्हणे, "पेटती आहे." येणारा स्वतः पाहून म्हणे, "पेटती घेतली." मगच पहिल्याने आपला डबा उचलायचा. आमचे पोलाद पुलांत गेले, रुळांत गेले. जावई भट्टीवर आहे, असे सांगताना सासऱ्यांची मान ताठ होई.

पुढे बोटींतून बाहेरचे स्वस्त पोलाद येऊ लागले. मालकांनी नवी भट्टी घालायचे टाळले आणि जुनीलाच ठिगळे लावली. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची मागणीअभावी रडतखडत चालू लागली. एके दिवशी पुढच्या पाळीचा मिस्त्री आलाच नाही. कारखाना बंद झाल्याचे सांगून त्याला फाटकावरूनच परत पाठवले होते. माझा मिस्त्री रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाला, "पेटती आहे." घ्यायला कोणी नव्हते. तो मला हातात घेऊनच घरी आला.

आणि त्याने मला खाली ठेवलेच नाही. जेवताना उजवा हात ताटात, डाव्यात मी. झोपेतही मूठ सुटत नसे. त्याच्या सदऱ्याची बटणे लावताना बायको म्हणे, "माझा हात कधी इतका घट्ट धरला नाहीत." तो हसे, पण सोडत नसे. संध्याकाळी खिडकीत उभा राहून तो माझ्यातून थंड धुराड्यांकडे पाही आणि पुटपुटे, "अजून थोडं तापू दे." अशा वेळी माझ्याही खोलात काहीतरी तांबडे हलल्यासारखे होई. बायकोने आपल्या शेवटच्या आजारात त्याचे दोन्ही हात मागितले. त्याने एकच दिला.

त्याची मुलगी शाळेत शिकवते. वडील आता माणसांत परततात की नाहीत, याचाच तिला घोर होता.

"बाबा, उद्या पोलादाचा धडा आहे. काच वर्गात न्यायची म्हणते."

"मी आल्याशिवाय ती जायची नाही."

"मग चला की. तेवढी दाढी मात्र करा."

वर्गात तिने भट्ट्या कशा विझल्या, भोवतीची वस्ती कशी उठली, ते शिकवले. मग मिस्त्रीने मला पहिल्या बाकावर दिले. "पेटती आहे," तो म्हणाला. "पेटती घेतली म्हणायचं," त्याच्या मुलीने वर्गाला हळूच सांगितले. खिदळत, तेच म्हणत, मुलांनी मला हातोहात फिरवले. मिस्त्रीचा रिकामा हात गुडघ्यावर दांडा धरल्यासारखा मिटलेलाच होता.

शेवटच्या बाकावरची मुलगी हसली नाही. ती मला घेऊन खिडकीशी गेली आणि धुराड्यांकडे पाहत राहिली.

"आजोबा, पेटती नाहीये ही."

बाईंचा खडू थांबला.

"नीट पाहिलंस?" मिस्त्रीने विचारले.

"नीट पाहिलं."

"परत पाहा. घाई नाही."

तिने परत पाहिले. "विझलीये, आजोबा."

मिस्त्रीने मान हलवली; रस ओतायच्या वेळी हलवी, अगदी तशीच. "मग ठेव खाली," तो म्हणाला. "झाली माझी पाळी."

टेबलाचे लाकूड मला फार गार लागले. पलीकडे मुलीने बापाचे दोन्ही हात हातांत घेतले होते, आणि ती ते सोडत नव्हती.

मित्रांनो, मला जपा, पुसा, माझ्यातून जरूर पाहा. पण तुमच्याही घरात कोणाची मूठ अशी मिटलेली असेल, तर आधी त्याच्यापाशी जा आणि म्हणा, मी आलोय पुढच्या पाळीला.