स्कर्टिंगमागे राहिलेली पाचर

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. बोटभर लांब, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. माझा वरचा भाग कधीच तुटला आहे, त्यामुळे बहिणींच्यात मी बुटकी दिसते. चांगले दिवस मी पुष्कळ पाहिले. पण आठवणी काढायला बसले की एकच वर्ष सर्वांत आधी समोर येते आणि मान खाली जाते.

कोरियातल्या देगू शहरात बांग नावाच्या सुताराने आम्हा सोळा बहिणींना दाराच्या एका जुन्या ओकच्या चौकटीतून कापले. पुढे त्याचा मुलगा छोल-ग्यू घरोघरी लाकडी जमिनी घालू लागला आणि आम्ही त्याच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. त्या जमिनी तरंगत्या असतात. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, खाली ना खिळा ना गोंद. दमट हवेत फळ्या फुगतात, म्हणून भिंतीकडेने करंगळीएवढी फट सोडावी लागते. काम चालू असताना ती फट राखायला आम्ही तिथे उभ्या राहायचो. काम झाले की छोल-ग्यू मिस्त्री आम्हाला उपसून सोळा मोजी आणि मगच फटीवर स्कर्टिंगची पट्टी बसवी. बावीस वर्षे त्याची मोजणी चुकली नाही. "बांग मिस्त्रीची जमीन कुरकुरत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा डब्यात आम्हाला कोण आनंद होई!

एका फेब्रुवारीत आम्ही ह्ये-रानबाईंच्या सातव्या मजल्यावरच्या घरी गेलो. घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई समुद्राकाठच्या उल्जिन गावच्या, म्हणून सगळे त्यांना उल्जिनच्या आजी म्हणत. आजींनी आल्या आल्या मिस्त्रीपुढे उकडलेली रताळी ठेवली. ह्ये-रानबाई मात्र कमरेवर हात ठेवून दिवसभर त्याच्या डोक्याशी उभ्या.

"अहो मिस्त्री, दारातली ही फट म्हणायची की खिंड? मांजर जाईल यातून!"

"वहिनी, फळ्यांना अंग पसरायला जागा लागते."

"माझ्या बहिणीकडे नाही हो अशी फट. तिच्या फळ्या काय उपाशी असतात?"

शेवटी कंटाळून मिस्त्रीने दारापाशी फट ठेवलीच नाही. फळ्या उंबऱ्याला घट्ट भिडवल्या. 'समोरच्या भिंतीकडे मोकळी जागा आहे, तेवढी पुरेल,' असे तो स्वतःशीच पुटपुटला. त्या समोरच्या भिंतीशी मी उभी होते.

"आटपा आता! पाच वाजता माझ्या मैत्रिणी यायच्यात. दुसरा मिस्त्री असता तर एव्हाना हात धुऊन घरी गेला असता."

मिस्त्रीचे कान लाल झाले. त्याने भराभर बहिणी उपसल्या, न मोजता डब्यात टाकल्या. मी बुटकी, फटीत फळीच्या कडेपेक्षा खालीच दबलेली. त्याला दिसलेच नाही. माझ्यावर स्कर्टिंगची पट्टी बसली आणि अंधार झाला. पुढच्या कामाला पंधराच भरल्या असतील, पण मी कुठे राहिले ते त्याला कळले नसेल.

जुलैत हवा दमट झाली. फळ्या फुगू लागल्या. दारापाशी जागा नव्हती आणि इकडे मी आडवी. मला सरकता येत नव्हते. एका सकाळी खोलीच्या मधोमध जमीन उंटाच्या पाठीसारखी वर आली.

मिस्त्रीला बोलावणे गेले. गुडघे टेकून त्याने उंचवटा चाचपला आणि विचारले, "जमीन ओल्या फडक्याने पुसता का कुणी?"

आजी पुढे आल्या. "मी पुसते की. सकाळ-संध्याकाळ. सवय आहे बाबा जन्माची."

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाला. "पाणी प्यायल्यात फळ्या. कोरड्या राहू द्या, बसतील."

त्याने स्कर्टिंगला हातसुद्धा लावला नाही.

"ऐकलंत ना?" ह्ये-रानबाई कडाडल्या. "किती वेळा सांगितलं, आई, हे तुमचं गावचं अंगण नाही म्हणून!"

त्याच दिवशी आजींचे फडके कचऱ्यात गेले. आल्यागेल्याला बाई उंचवटा दाखवत, "आमच्या सासूबाईंचा प्रताप!" आजी हसण्याचा प्रयत्न करत. दुपारी घरात कुणी नसले की त्या खाली बसून जमिनीवरून हात फिरवत आणि म्हणत, "चुकलं बाई माझं." पट्टीमागे मला ते ऐकू येई. मित्रांनो, लाकडाला तोंड असते तर मी ओरडले असते, "आजी, तुम्ही नाही, मी!"

सप्टेंबर आला, उंचवटा बसला नाही. सणाला पाहुणे यायचे होते, म्हणून मिस्त्रीला पुन्हा बोलावले. त्याच सकाळी आजींनी आपले गाठोडे बांधले. "उल्जिनची खोली रिकामीच आहे. तिथे मातीची जमीन, माझ्याने काही बिघडायचं नाही," एवढेच त्या सुनेला म्हणाल्या.

मिस्त्रीने स्कर्टिंग उचकटले आणि मला पाहिले. त्याने मला ओढून काढले, तशा फळ्या कट् कट् करत सैल झाल्या. इकडेतिकडे बघून त्याने मला मुठीत झाकले. मग खिशात टाकले. बावीस वर्षांच्या नावाचा प्रश्न होता, मी त्याला काय दोष देऊ?

तेवढ्यात आजी गाठोडे घेऊन आल्या. "मिस्त्री, माझ्यामुळे तुम्हाला दोन दोन हेलपाटे झाले. रागावू नका हं."

खिशातला त्याचा हात माझ्याभोवती घट्ट आवळला. मग त्याने मला बाहेर काढले आणि दोन्ही हातांवर ठेवून आजींपुढे गुडघे टेकले.

"आजी, पाण्याने काही झालेलं नाही. ही पाचर मी आत विसरलो होतो. त्या दिवशी पट्टी काढून बघायला हवी होती. तुमच्यावर ढकलणं सोपं गेलं."

दारापाशी फट नको म्हणून कोण हटून बसले होते, ते ह्ये-रानबाईंना आठवले असावे. त्यांनी सासूबाईंच्या हातातले गाठोडे घेतले, पण नजर वर केली नाही. "आई, आत चला," एवढेच त्या म्हणाल्या.

"असू दे," आजी म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत जमीन आरशासारखी सपाट झाली. आजी मिस्त्रीसाठी पाणी आणायला निघाल्या. खोलीच्या मधोमध आल्यावर त्यांचे पाय आपोआप थांबले आणि जिथे आता काहीच नव्हते, त्या जागेला वळसा घालून त्या गेल्या.

मित्रांनो, काम संपवून उठताना आपले काय मागे राहिले, ते मोजून घ्या. आणि कुणाकडे बोट दाखवायची वेळ आलीच, तर आधी पट्टी काढून बघा.