चहा संपेपर्यंत

मी खुर्ची बोलतेय. सत्तेची नव्हे, बरं का! माझ्यासाठी कुणी भांडत नाही. उलट मला पाहून लोक काढता पाय घेतात.

सुताराने मला घडवलं ते एका दिवाणखान्यासाठी. तिथे नवा सोफा आला आणि माझी रवानगी या रुग्णालयात झाली. इथल्या पेशंटांच्या आजारावर इलाज उरलेला नसतो. त्यांच्या वेदना तेवढ्या कमी करायच्या. मला वॉर्डाला लागून असलेल्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत ठेवलं आणि मोठ्या डॉक्टरांनी नियम घातला. पेशंट गेला, की जवळ असलेल्याने माझ्यावर बसून कपभर चहा प्यायचा. तो संपेपर्यंत कुणी हाक मारायची नाही.

हळूहळू सगळे बसू लागले. कुणी रडलं, कुणी नुसतं भिंतीकडे पाहत राहिलं. एक डॉक्टर तर चक्क घोरला. बसल्या नाहीत त्या फक्त मोठ्या सिस्टर. इतरांना दटावून बसवायच्या, आणि स्वतः? "मला कुठे वेळ आहे!" लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला त्यांचा रागच यायचा.

मागच्या आठवड्यात एका सकाळी खिडकीजवळच्या आजी गेल्या. सिस्टरांनी त्यांचे डोळे मिटले, चादर बदलली आणि त्या पुढच्या कामाला लागल्या. दुपारी त्याच खाटेवर नवे आजोबा आले. सिस्टर सवयीने आजींचं औषध घेऊन गेल्या. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं.

"आजी, आ करा."

"अहो, मला मिशा आहेत!" आजोबा हसले.

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. आजींना सवयीचा झालेला मॉर्फिनचा तो डोस आजोबांच्या जिवावर बेतला असता.

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांना आणून माझ्यावर बसवलं.

"मी राजीनामा देते," त्या म्हणाल्या.

"झालेल्या चुकीची नोंद होईल. राजीनाम्याचं नंतर बघू. आधी चहा घ्या." डॉक्टर स्वतः दार अडवून उभे राहिले.

सिस्टरांनी कप हातात घेतला. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "आजींना वेणी घालून हवी होती हो. मी म्हटलं, कामं आटोपून येते."

त्या इतक्या रडल्या, की चहा गार झाला. डॉक्टरांनी दुसरा आणला. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

राजीनाम्याचं पुन्हा निघालं नाही. आजोबा मात्र रोज मिशीला पीळ देऊन विचारतात, "सिस्टर, आज कुणाचं औषध?"

आता माझा एक पाय लुळा झालाय. कधी भंगारात जाईन, सांगता येत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या माणसाच्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरांना, डॉक्टरांना पेशंट कसा आहे ते जरूर विचारा. पण कधीतरी एवढंही विचारा, "आणि तुम्ही कसे आहात?"