दुसरी धुलाई

उरलेल्या कोळशावर सहज पाणी ओतलं, तर खाली पिवळं उतरलं. ह्याच कोळशाचा फिल्टर गेल्या महिन्यात मी बहिणीकडे पोचवला होता.

शेंगांची टरफलं भट्टीत जाळून आम्ही हा कोळसा करतो. तो पाण्यातली घाण शोषतो. त्यावर चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवले, की जंतूही मरतात. पण नीट न बसलेले कण धुऊन काढावे लागतात, नाहीतर तेच पाण्यात उतरतात आणि पाणी पिवळं होतं.

"कोळसा धुतला होतास ना?" मी प्रयोगशाळेतल्या जोडीदाराला विचारलं. त्याला सगळे मास्तर म्हणतात.

"धुतला की. राख पार जाईपर्यंत."

"राख? ती चांदीच्या आधीची धुलाई! मी नंतरचं विचारत होते!"

"मग तसं विचारायचं ना," मास्तर म्हणाला आणि त्याचाही चेहरा पडला.

बहिणीचं बाळ बाटलीने पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पितं. "तुझं पाणी पिऊन गुटगुटीत झालंय बघ," ती रोज फोनवर सांगायची आणि मी हुरळून जायचे. मोठी शहाणी! चाचणीचा निकाल येण्याआधी मिरवायची घाई मलाच झाली होती. एवढ्याशा जिवाला किती चांदी सोसते, देव जाणे.

ती फोन उचलेना. मी धापा टाकत जिने चढले. दार तिनेच उघडलं, कडेवर बाळ हसत होतं. ओट्यावर पातेल्यात पाणी उकळत होतं. फिल्टर कोपऱ्यात कोरडा ठणठणीत, त्यावर दुपटी वाळत घातलेली.

"वापरत नाहीस?"

ती गोरीमोरी झाली. "तुझ्यावर भरवसा नाही असं नाही गं. पण तान्हं मूल... तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले."

सुटले बाई! मला रडूच फुटलं. तिला वाटलं, मी दुखावले.

"रडू नकोस ना ताई. हे बघ, मी पिते." दुपटी बाजूला सारून तिने फिल्टरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली पेला धरला.

एका पेल्याने तिला बहुतेक काही झालं नसतं. मी गप्प राहिले असते, तर माझा मानही राहिला असता. तिने पेला ओठांशी नेला.

मी तो हिसकावला. "पिऊ नकोस. कोळसा नीट धुतलेला नाही."

तिने पेल्यातलं पिवळट पाणी पाहिलं, मग मला. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.