कानोशातली चूक

सांगलीच्या खणभागात रहिमान मास्तरांच्या घरी शिलाई मशीन बंद आणि कॉम्प्युटर चालू, अशी आता तऱ्हा होती. मशीन बंद पडलं ते मास्तरांच्या डोळ्यांमुळे. काचबिंदूनं एक डोळा आधीच नेला होता आणि दुसऱ्यात नुसता उजेड ठेवला होता. कॉम्प्युटर त्यांच्या लेकीचा, आसियाचा. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची आणि उरलेल्या वेळात लोकांच्या चुका काढायची. हे दुसरं काम बिनपगारी होतं, आणि खरं सांगायचं तर तिला तेच जास्त आवडायचं.

त्याचं असं आहे, की जगभरच्या हौशी माणसांनी मिळून उभी केलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी. तिच्यात नवा प्रोग्राम घालायचा तर एकानं त्याचं पॅकेज बांधायचं आणि दुसऱ्यानं ते तपासायचं. बांधणाऱ्यानं स्वतःचं तपासायचं नाही. तपासणारा ‘मंजूर’ लिहीपर्यंत पॅकेज दाराबाहेर. आणि दोघांचं जे काही बोलणं होईल ते सगळं चव्हाट्यावर, कुणीही वाचावं असं. आसिया या तपासणाऱ्यांपैकी होती आणि तिच्या तावडीतून फार कमी जण पहिल्या फटक्यात सुटायचे.

साताऱ्याचा रिजवान तांबोळी मात्र चुका न करण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याचं पॅकेज आलं की तपासणारे निवांत चहाला जायचे. आसियानं त्याला पहिल्याच भेटीत पकडला. लायसन्सची, म्हणजे वापराच्या परवान्याची, फाईल जोडायची राहिली होती. त्यानं थोडा वाद घातला, मग मुकाट्यानं फाईल जोडली, आणि मग खासगीत विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या. सांगली म्हटल्यावर गडी उडालाच. जिथं ब्राझील नि जर्मनीची माणसं भेटायची तिथं शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी निघाली होती. पुढं कराडचं एसटी स्टँड दोघांना मध्यावर पडायचं आणि तिथला चहा दोघांनाही आवडायला लागला. मग रीतसर माणसं आली-गेली, सुपारी फुटली. रिजवान सांगलीला आला की मास्तरांना पेपर वाचून दाखवायचा, कारण तोवर अक्षरं त्यांना लागेनाशी झाली होती. मास्तरांची तऱ्हाही ठरलेली. आधी निधनवार्ता, मग हळदीचा बाजार, मग उरलेलं जग.

आणि मग रिजवानला आयर्लंडची नोकरी आली. मास्तर सांगली सोडून कुठं जाणार नव्हते आणि आसिया मास्तरांना सोडून. ‘मग मीच जात नाही,’ रिजवान म्हणाला. तो खरंच गेला नसता. त्याच्या घरातली सगळी माणसं त्या नोकरीकडे डोळे लावून बसली होती हे आसियाला ठाऊक होतं. म्हणून कराडच्या स्टँडवर तिनं त्याला तोंडावर सांगितलं, की मला तुझ्याशी लग्न करायचं नाही. सरळ खोटं बोलली. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून इस्लामपूरपर्यंत रडली, आणि घरी येऊन अब्बांना दुसरं खोटं सांगितलं, की मुलाकडच्यांनीच मोडलं. त्या दिवसापासून मास्तर साताऱ्याच्या नावानं बोटं मोडत होते.

काही महिन्यांनी तपासणीच्या यादीत एक नवं पॅकेज आलं. नाव ‘कानोसा’. छापील मराठी पानाचा फोटो काढला की मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. बांधणारा रिजवान तांबोळी. खाली टीप होती, की एक तारखेपासून मी नव्या नोकरीवर असेन, तिथल्या कराराप्रमाणे बाहेरच्या कुठल्याच प्रोग्रामला मला हात लावता येणार नाही, तोवर हे सांभाळणारं माणूस बघून ठेवतो. आसियानं दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत ते तपासायला घेतलं. अब्बांसाठी घेतलं, असं तिनं स्वतःला पटवलं.

पॅकेज उघडलं आणि पहिलीच चूक, लायसन्सची फाईल नाही. तिला हसू आलं. तिनं कोरडं लिहिलं, की फाईल जोडावी. तासाभरात त्याचं कोरडं उत्तर आलं, जोडली आहे. नव्या आवृत्तीत फाईल होती, पण बदलांच्या नोंदीत मंगळवार लिहिलं होतं आणि ती तारीख शुक्रवारची होती. तिनं लिहिलं, त्यानं सुधारलं. पुढच्या खेपेला वर्णनातली एक ओळ नको इतकी लांब. हा माणूस झोपेतसुद्धा असल्या चुका करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो मुद्दाम करत होता. तिनं परत लिहावं म्हणून दरवेळी एक चूक मागे ठेवत होता.

मग तीही काही कमी नव्हती. सापडलेल्या चुका एकदम सांगाव्यात असा तपासणाऱ्यांचा दंडक. आसियाला तीन दिसल्या की ती एक सांगायची आणि दोन राखून ठेवायची. प्रेमाचं एक अक्षर नाही, नावानं हाक नाही, नुसतं ‘कृपया दुरुस्त करावे’ आणि ‘दुरुस्त केले’. पण सकाळी उठून ते ‘दुरुस्त केले’ वाचल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नव्हता.

एक गोष्ट तिनं चूक म्हणून लिहिलीच नाही. पेपर वाचायचा क्रम प्रोग्रामला आधीच ठरवून दिलेला होता. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, मग बाकीचं. जगातला दुसरा कुठला तपासनीस असता तर विचारलं असतं, की हा काय उलटा क्रम? आसियानं विचारलं नाही. तिनं ती ओळ पुनःपुन्हा वाचली आणि तशीच राहू दिली.

शेवटी वाईहून गंगाधरकाकांचा फोन आला. काका या सगळ्या हौशी मंडळींतले जुने, सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत काय जाईल आणि कुठलं पॅकेज कुणाच्या हाती राहील ते बघणारे. दोघांनाही त्यांनीच शिकवलेलं.

“आसिया, तुम्ही पॅकेज तपासताय की पत्रमैत्री चालवलीय? अगं, सगळं जग वाचतंय. ब्राझीलवाला मला विचारतोय, हा माणूस आजारी आहे का म्हणून.”

“थोडंच राहिलंय, काका.”

“शुक्रवारी दारं बंद. तोवर मंजूर झालं नाही तर नव्या आवृत्तीत जाणार नाही, आणि पुढच्या वेळी ढकलायला तो नसेल. मग कुठला कानोसा आणि कुठलं काय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “बाळा, मला सगळं माहीत नाही. पण त्याला जाऊ दे आता.”

आसियानं राखून ठेवलेल्या सगळ्या चुका एकदम लिहून पाठवल्या. एखादी तरी तो ठेवेल, असं मनात होतं. शुक्रवारी सकाळी पॅकेजची नवी आवृत्ती आली. तिनं तपासायला घेतली. फाईल होती. वार बरोबर होता. ओळी नेमक्या होत्या. तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग डोळे पुसून आणखी एकदा पाहिलं. एकही चूक नव्हती. आजवर शेकडो पॅकेजं तपासली, पण चूक न सापडल्याचं इतकं दुःख तिला कधी झालं नव्हतं. त्यानं निरोप घेतला होता. तिनं ‘मंजूर’ लिहिलं, आणि त्यानंतर या कामासाठी ठेवलेल्या मेलच्या खात्याकडे ती फिरकलीच नाही. एक तारीख येऊन गेली.

सिस्टीमची नवी आवृत्ती आली तशी तिनं ती अब्बांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बसवली. मास्तर खूश. पेपर पसरायचा, वर लावलेला कॅमेरा फोटो काढणार, आणि आतला माणूस वाचणार. आठवडाभर झाला असेल, त्यांनी हाक मारली.

“आसिया, हे बग गं. दोन रकाने जवळ आलं की ह्येचं डोस्कं फिरतंय. पलूसच्या उसाच्या सभंतनं एकदम आटपाडीच्या मयतात घुसतंय. अध्यक्षांनी भाषण केलं आन् त्यांच्यामागं तीन मुलं, पाच नातवंडं!”

आसिया खळखळून हसली. कैक दिवसांनी हसली. मास्तर मात्र हसले नाहीत.

“त्या पोराला कळव.”

“कुठल्या पोराला, अब्बा?”

“साताऱ्याच्या. आगं, मी आंधळा झालोय, खुळा न्हाई. आदी मयत, मग हळद, ही माझी खोड दुसऱ्या कुणाला म्हाईत हाय?” त्यांनी पेपर बाजूला सारला. “त्येनं मोडलं न्हाई, व्हय ना? तू मोडलंस. माझ्यापायी.”

मास्तरांनी हात पुढं केला, तिचा चेहरा चाचपला, आणि ओला लागल्यावर हात तसाच ठेवला. “लय वंगाळ केलंस गं पोरी,” ते म्हणाले. “लिही त्येला. चूक हाय म्हणून तरी लिही.”

आणि खरंच, ही चूक खरी होती. कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, राखलेली नव्हती. त्याला हात लावता येत नसला तरी वाचता तर येईल. तिच्या मनात इतकी आशा उसळली, की तिनं लगेच कीबोर्ड पुढं ओढला. चूक नोंदवली की ती पॅकेज ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे आपोआप जाते, आणि दुसरं कुणी सापडल्याचं तिच्या कानावर नव्हतं. तिनं रकान्यांची भानगड लिहिली, पलूस लिहिलं, आटपाडी लिहिलं, आणि खाली आजवर कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं, की रिजवान, मी खोटं बोलले होते. चव्हाट्यावर तर चव्हाट्यावर. तिनं पाठवलं.

लगेच स्क्रीनवर सिस्टीमचं आपोआप उत्तर उमटलं. तुमची नोंद मिळाली. पॅकेज सांभाळणाऱ्याकडे पाठवली आहे. सांभाळणाऱ्याचं नाव, आसिया शिकलगार.

तिनं न उघडलेलं मेलचं खातं उघडलं. एक तारखेच्या आदल्या दिवशीचा गंगाधरकाकांचा निरोप तिथं पडून होता, की रिजवानच्या विनंतीवरून ‘कानोसा’ तुझ्या नावावर केलं आहे, तो म्हणाला, तिच्या घरात वाचलेलं ऐकणारं माणूस आहे. त्या निरोपाच्या वर तिचंच आत्ताचं पत्र येऊन पडलं होतं.

“गेलं का गं?” मास्तरांनी विचारलं.

“गेलं, अब्बा.”

“उत्तर?”

“आलं.”

“काय म्हंतोय?”

“बघतो म्हणतोय,” आसिया म्हणाली, आणि रकाने वेगळे करायचा कोड उघडून बसली.