मुद्दाम चुकलेले शब्द

तिला शब्द चटकन चिकटायचे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी, आणि सगळी अडचण तिथंच होती.

दोघांनाही परदेशी पुढचं शिकायला जायचं होतं, एकाच विद्यापीठात, एकाच वर्षी. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला, तो पुलांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत. प्रवेश परीक्षेतलं गणित त्याच्या हातचा मळ होतं. पण तिथं इंग्रजीचे असे शब्द विचारत, की ते खुद्द इंग्रजांच्या घरातही कुणी बोलत नसेल. म्हणून संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून एकमेकांना शब्द विचारत. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत.

"लॅकोनिक?"

"आळशी."

"नाही रे. मोजकं बोलणारा."

"म्हणजे आमचे साहेब," असं म्हणून तो हसायचा. पुढं पुढं ते हसणं आटलं. शब्द चुकला की तो उठून खिडकीशी जाई, परत येई, पाणी पिई, पुन्हा खिडकी गाठी. तिला ते बघवत नसे.

एकदा त्याचे लागोपाठ बरेच शब्द चुकले आणि मग तिची पाळी आली. 'इन्जेन्युअस' तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. ती म्हणाली, "कल्पक."

"चुकलं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "कल्पक तो इन्जीनिअस. हा म्हणजे भोळा, निष्कपट."

त्या संध्याकाळी तो जागचा हलला नाही. तिला बरं वाटलं, आणि तिथंच ती फसली.

मग ती रोज चुकू लागली. फार नाही, त्याला संशय येणार नाही इतपत. पण मुद्दाम चुकायलाही डोकं लागतं. प्रयोगशाळेत नमुने हाताळताना ती मनात ठरवत बसे, आज कुठला शब्द सोडायचा, कुठला ठेवायचा. खरा अर्थ आणि बनवलेला अर्थ डोक्यात एकमेकांच्या पायांत पाय घालू लागले. एका बाटलीवर तिनं दुसऱ्याच विहिरीची चिठ्ठी डकवली, तेव्हा वरिष्ठ बाई म्हणाल्या, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" सगळी तपासणी पुन्हा करावी लागली.

एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. तीही याच परीक्षेच्या मागं लागलेली. स्वयंपाकघरात फिरत ही तिला भराभर सांगू लागली, "ऑब्ड्युरेट म्हणजे हट्टाला पेटलेला, दगडासारखा. इन्जेन्युअस म्हणजे भोळा. सोपं आहे गं." वळून बघते तर दारात नवरा उभा, अर्ध्या गालाला साबण.

तिनं फोन ठेवला.

"ऑब्ड्युरेट तुला काल येत नव्हता," तो म्हणाला.

"नंतर आठवला."

"आणि बाकीचे? तेही नंतर आठवले?"

तिनं गॅस बारीक केला.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझा धीर सुटत होता म्हणून केलं."

"मी लहान पोर आहे का, पत्त्यांत मुद्दाम जिंकू द्यायला?"

आता तीही तापली. "मग तू खिडकीपाशी फेऱ्या मारतोस, ते मी नुसतं बघत बसू?"

"बस बघत. माझ्या पायांनी मारतोय ना? निदान मी कुठं आहे ते मला कळू दे."

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अभ्यास करताय की भांडताय?"

त्या दिवसापासून तिनं एकही शब्द सोडला नाही. तो चुकायचा, उठायचा, फिरायचा. तिलाही बसवत नसे, तीही उठे. सासूबाई म्हणत, "तुमच्यामुळं मलाच चक्कर येईल एक दिवस."

परीक्षा दोघांची एकाच दिवशी होती. ती आधी बाहेर आली. गुण पडद्यावरच दिसले होते, हवे होते त्याहून वरच. आनंद व्हायचा सोडून ती पायऱ्यांवरून खालीवर करत राहिली. तो आला, तेव्हा चालीवरूनच तिला कळलं.

"गणित पैकीच्या पैकी," तो म्हणाला. "शब्दांनी मारलं. आपल्या विद्यापीठाला एवढे गुण पुरायचे नाहीत."

'मग मीही थांबते,' हे तिच्या जिभेवर आलं. त्यानं ते वाचलं असावं.

"तू अर्ज भर," तो म्हणाला. "मी पुन्हा बसेन. थांबू नकोस. थांबलीस तर ते पुन्हा मुद्दाम चुकल्यासारखंच होईल."

"भरते," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं अर्ज भरला. तो शेजारी बसून तारखा तपासत होता, आवाजात कडवटपणा नव्हता. त्यानं एकदा तरी 'राहू दे' म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि म्हणाला असता तर तिला रागही आला असता.

"मग निघायचं कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"ही आधी," तो म्हणाला. "मी मागून."

अर्ज गेला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि आपण कशाला आलो ते न आठवून तिथंच उभी राहिली.