उंदरांसाठी बोळा

वडील गेल्यावर थोरल्यानं त्यांची जुनी गाडी मित्राच्या शेडमध्ये दुरुस्तीला नेली. इंजिन काही केल्या सुरू होईना. ‘मेलंय ते,’ म्हणून त्यानं ते भंगारवाल्याला दिलं आणि दुसरं आणलं. ते धूड मावेना, म्हणून पुढचा पत्राच कापला. एकदा डोक्यात शिरलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. स्वतःच्या तर नाहीच.

गाडी झोकात दारात आली. आई हरखली. “बोळा काढलास आणि झाली ना लगेच सुरू!”

“कसला बोळा?”

“अरे, गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की हे इंजिनाच्या हवेच्या नळीत चिंधी कोंबायचे, उंदीर शिरू नयेत म्हणून. दवाखान्यात ह्यांनी सांगितलं होतं ना तुला?”

सांगितलं होतं. फोनमधून डोकं वर न काढता तो ‘हो, हो’ म्हणाला होता.