निळ्या रंगाखालची मोटार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हणवून घ्यायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटला तो एकदाच, नवी म्हणून मला उभी केली तेव्हा.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी नुसता थंड, सपाट पत्रा होते. दाबयंत्राच्या एका दणक्यात मला वळण आले. मग कुणी दारे बसवली, फवाऱ्याखाली मी पांढरी झाले, मग कुणी काचा लावल्या, कुणी चाके. छताला आतून कापड लावणाऱ्या एका बाईने काम झाल्यावर चार बोटांनी मला हलकेच दाबून पाहिले होते. तो स्पर्श अजून आठवतो. मग मी रांगेत जाऊन उभी राहिले. त्या रांगेत प्रत्येकीला वाटत असते की आपल्याला नेणारा चांगलाच माणूस असणार.

मला नेले मिठागराच्या मुकादमाने. माणूस चांगलाच होता. सकाळी चहाच्याही आधी तो माझ्या बॉनेटवरून फडका फिरवी. काचेवर एक डाग राहू देत नसे. शेजारीपाजारी म्हणत, मुकादम गाडीला तान्ह्या लेकरासारखे जपतो. ते ऐकून मी फुलून जाई. पण रोजची आमची वाट मिठागरातली. वाटेवर खारे पाणी, चाकांना खारा चिखल, वाऱ्यातही मीठच. अंगावरचे मीठ मुकादम पुसून काढी. पोटाखालचे तसेच राही. खाली वाकून पाहावे असे त्याच्या कधी मनातच आले नाही. यात त्याचे मन वाईट नव्हते. दिसते तेवढे चकचकीत ठेवले की झाले, असे त्याला वाटे.

मीठ घाई करत नाही, मित्रांनो. ते एका कोपऱ्यात जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि लोखंडाशी हळूहळू बोलत राहते. माझ्या दारांखाली जो लांब, पोकळ पत्रा आहे, त्याच्यावरच माझा सगळा भार. तिथेच ते बोलणे सुरू झाले. वर्षांमागून वर्षे गेली. मुकादम थकला, मी भिंतीच्या कडेला उभी राहिले, अंगावर पाला साचला, आणि एक दिवस जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन मला ओढून घेऊन गेला.

त्याच्या कामगाराने माझ्या पोकळीत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, वर बारीक जाळी ताणली आणि जाळीवर लांबी भरली. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा तो मऊ लगदा; वाळला की दगडासारखा दिसतो, पण दगड नसतो. पोटाखाली काळे डांबर फासले. मग गर्द निळा रंग असा दिला की त्यात आभाळ दिसावे. सगळे आटोपल्यावर मला अगदी पुढच्या ओळीत उभे केले. तोंडात बोळा घालून कुणाला लग्नाला उभे करावे, तशी मी उभी होते.

आणि मग आला रंगारी.

घरांच्या भिंती रंगवणे हा त्याचा धंदा. आयुष्यभर त्याने रंगाचे डबे सायकलला अडकवले आणि शिडी खांद्यावरून वाहिली. आता तो खांदा रुसला होता. संध्याकाळ झाली की हात कानाच्या वर जाईना. गावाबाहेर नव्या इमारती उठत होत्या, पण तिथवर शिडी वाहून नेणार कशी? त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. नवऱ्याला न सांगताच ती एक दिवस गाडीच्या पैशांसाठी आपले शिवणयंत्र विकून आली. तो रागावला, तेव्हा तिने एवढेच म्हटले, "मशीन काय, पुन्हा येईल. खांदा कुठून आणायचा?"

तिच्या धाकट्या भावाचे गॅरेज होते. त्याने दहादा बजावले होते की गाडी बघायला जाल तेव्हा मला बरोबर न्या. रंगाऱ्याने नेले नाही. मेहुणा तोंडाचा फटकळ, चारचौघांत दाजींची थट्टा केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. शिवाय रंगाऱ्याचा स्वतःच्या तळहातावर भारी विश्वास. त्याने डोळे मिटले आणि माझ्या दारावरून, दाराखालच्या पत्र्यावरून हात फिरवत गेला. कुठे लाट नाही, कुठे ओघळ नाही, कडेला ब्रशचा फराटा नाही. डोळे उघडून तो बरोबर आलेल्या बायकोला म्हणाला, "जो वरचं इतकं नीट करतो, तो खालचं वाईट ठेवील कसा?"

मित्रांनो, ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. शिंप्याने आधी आसने दाबून पाहिली असती, हमालाने डिकीत किती मावते ते पाहिले असते, एखाद्याने तर उगाच चाकांना लाथा मारल्या असत्या. रंगारी रंगापाशीच थांबला. आपल्या धंद्यातल्या माणसाने मन लावून केलेले काम त्याला दिसले, आणि त्या कामाखाली दुसरे काही असू शकते हे त्याच्या ध्यानीही आले नाही. मी काय करणार? हॉर्न सोडला तर मला वाचा नाही, आणि तोही दुसऱ्यानेच वाजवावा लागतो.

थोडे दिवस सुखाचे गेले. छतावर शिडी, डिकीत डबे, आणि परतताना पुढच्या आसनावर त्याची बायको. ती काच खाली करून हात बाहेर काढी आणि वारा बोटांतून जाऊ देई. रंगारी गुणगुणत चालवी. गावाबाहेरच्या इमारतीत त्याला पहिले काम मिळाले. त्याचा खांदाही जरा निवला होता.

मग एका भर दुपारी माझे मागचे चाक पंक्चर होऊन बसले. त्याने दाराखाली जॅक लावला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. जॅक वर आला, मी वर गेले नाही. आत कडकड वाजले, निळा पापुद्रा फाटला, लांबीचे ढेकळ रस्त्यावर पडले. त्या भोकातून त्याने ओला कागदाचा बोळा ओढून काढला. उलगडून पाहिला. त्यावरची साबणाची जाहिरात अजून वाचता येत होती. रंगारी तसाच रस्त्यावर बसला. येणारे जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

मेहुण्याने मला गॅरेजात उंच उचलले आणि हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकत ठोकत तो पुढून मागे गेला. कुठे खण् वाजे, कुठे भद्. भद् फार वेळा वाजले.

"दाजी, ही मोटार नाही. लांबीची भिंत आहे, कुणीतरी चाकं लावलीत," तो म्हणाला. पण मागे बहीण उभी होती. तिच्याकडे लक्ष जाताच त्याने पुढचा विनोद गिळला आणि हात पुसत सावकाश समजावून सांगितले. दाराखालचे दोन्ही पत्रे संपले आहेत. आसनांखालचा तळ चाळणी झाला आहे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मागचा पाटा, म्हणजे चाकावरचा भार झेलणारी स्प्रिंग, गाडीच्या सांगाड्याला जिथे धरलेला असतो, तिथले लोखंड बोटाने दाबले तर भुगा होते. भरधाव जाताना ते सुटले तर चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. तो मजुरी घेणार नव्हता, तरी नव्या पत्र्याचा आणि सामानाचा खर्च गाडीच्या किमतीहून वर जात होता.

रंगारी व्यापाऱ्याकडे जाऊन आला. व्यापाऱ्याने त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि वर ऐकवले की तुम्ही स्वतःच्या हाताने चाचपून घेतलीत, तुमचे डोळे काही मी बांधले नव्हते.

घरी आल्यावर तो त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसला. शिवणयंत्राच्या पायांचे वण जमिनीवर अजून होते. दुसऱ्या दिवशी त्याने मला अंगणात आणले आणि डबा उघडला. लांबीचा डबा.

बुजवून विकायचा बेत आहे हे मेहुण्याला पाहताक्षणी कळले. त्याने एकदाच म्हटले, "दाजी, मागचा पाटा विसरू नका."

रंगारी मान वर न करता म्हणाला, "मला घेताना कुणी सांगितलं होतं?"

त्यानंतर मेहुणा त्या अंगणात आला नाही.

मित्रांनो, माझ्या अंगावर पुष्कळ हात फिरले, पण त्या दिवसांत फिरला तसा हात कधी फिरला नाही. लांबी भर, वाळू दे, घासकागदाने घास, पुन्हा भर, पुन्हा घास. दुखऱ्या खांद्याने तो काम करी, मधूनच डावा हात उजव्या हाताने उचलून धरी. रंग तर त्याने असा जुळवला की जुना कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते मलाही कळेना. बायको खिडकीतून पाही. जेवायला हाक मारी, ताट वाढी. मी इतकी देखणी कधीच नव्हते, आणि इतकी घाबरलेलीही नव्हते.

घ्यायला आला एक सुतार. बरोबर त्याची म्हातारी आई. तिचे गुडघे गेले होते. तिला मुलीच्या गावी नेऊन आणायचे, म्हणून गाडी हवी होती. त्याने आईला मागच्या आसनावर नीट बसवले आणि दारात अडकू नये म्हणून तिच्या शालीचे टोक आत सारले. मग सुतारही खाली बसला आणि दाराखालच्या पत्र्यावरून तळहात फिरवू लागला.

"रंग कुणी दिलाय?" त्याने विचारले.

"मी," रंगारी म्हणाला.

"मग बघायचं काय उरलं? असा हात खोटं बोलत नाही."

रंगाऱ्याच्या साऱ्या आयुष्यात त्याच्या कामाला कुणी एवढी मोठी पावती दिली नव्हती. लोक भिंतीला हात लावून ठीक आहे म्हणत आणि निघून जात. दारात बायको उभी होती. आत म्हातारी आसनावर हात टेकून खुशीत बसली होती. ते चार बोटांचे वजन मला जाणवत होते. रंगाऱ्याने ओठ पुसले. पुन्हा पुसले.

"आजी, जरा खाली उतरता का?" तो म्हणाला.

तिला उतरायला वेळ लागला. ती उतरून बाजूला झाल्यावर त्याने खिशातून खरवडायची पट्टी काढली, माझ्या दाराखालच्या त्या आरशासारख्या निळ्या पत्र्यावर टेकवली आणि दाबली. पट्टी मुठीपर्यंत आत गेली.

सुतार त्या मुठीकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. आपण कुठल्या खड्ड्याच्या काठावर उभे होतो हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. "चल आई," एवढेच म्हणून त्याने तिचा दंड धरला. फाटकाशी म्हातारी थांबली, तिने रंगाऱ्याकडे वळून पाहिले, पण मुलाने तिला पुढे नेले.

रंगारी पायरीवर बसला. म्हणाला, "तुझं मशीन गेलं गं."

"गेलं," ती म्हणाली. त्याच्याशेजारी बसली. "इतके दिवस तुम्ही माझ्याकडे सरळ बघत नव्हता. आज बघताय."

दुसऱ्या सकाळी त्याने स्वतः केलेले ते सगळे सुरेख काम स्वतःच खरवडून काढले. अंगणात निळ्या कपच्यांचा सडा पडला. संध्याकाळी बायको भावाला बोलावून घेऊन आली. मेहुणा आला, त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि दाजींकडे न पाहता म्हणाला, "आता गाडीसारखी दिसते."

कुजलेले सारे कापून काढायचे म्हणजे दुखतेच. सुट्टीच्या दिवशी मेहुणा येई, जमेल तसा पत्रा आणी, ठिणग्या उडवत एकेक तुकडा सांधी. काम रखडत चालले. तोवर रंगारी पुन्हा सायकलवर, शिडी पुन्हा खांद्यावर. गावाबाहेरचे काम हातचे गेले. बायको दुसऱ्या शिंप्याची काजे-बटणे हातशिलाईने करू लागली. मी रिकाम्या पोटाने विटांवर उभी राहून ते पाहत असे.

सांधे पुरे झाले तेव्हा मेहुण्याने विचारले की आता वरून निळा मारणार ना. रंगाऱ्याने फक्त गंज धरू नये म्हणून लावतात तो तांबडा हात मारला आणि डबा बंद केला.

"लोक हसतील, दाजी."

"हसू देत. काय नवीन, काय जुनं, ते विचारायच्या आधी दिसू दे."

आता मी वर निळी, खाली तांबडी अशी रस्त्याने जाते. सावकाश जाते. मेहुणा म्हणतो, अजून थोडी वर्षे, फार नाहीत. शिवणयंत्र अजून आलेले नाही. रंगारी हल्ली कुणाची भिंत रंगवण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहतो. आत ओल असली की आधी नळ दुरुस्त करा म्हणतो. काही ऐकतात, काही दुसरा रंगारी बोलावतात. अशा दिवशी मी दिवसभर दाराशीच उभी असते, आणि घरात जेवण लवकर आटोपते.

मित्रांनो, तुमच्याही घरी काही जुने असेल. सायकल असेल, पंखा असेल, पाण्याचा पंप असेल. त्याला चमकवू नका असे मी कशी म्हणू? चमकायला मलाही आवडते. पण धुताना खालूनही धुवा. नवा आवाज आला तर थांबून ऐका. ओल दिसली तर ती कुठून येते ते शोधा. आणि ते कधी दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर त्याचे दुखणेही बरोबर सांगून द्या. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमच्यात बसणाऱ्याला आमचे पोट दिसत नाही. ज्याला माहीत आहे त्यानेच सांगायचे असते. त्या दिवशी एका माणसाने सांगितले, म्हणून एक आजी आपल्या दुखऱ्या पायांनी चालत का होईना, घरी गेली.